मोजणी जुळली का?

आज १२ मे, जागतिक परिचारिका दिन. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या तसबिरीला हार पडतील, सेवेची शपथ घेतली जाईल. वॉर्डातली सिस्टर रुग्णाच्या निदान लक्षात तरी राहते. ऑपरेशन थिएटरमधली राहत नाही. तिचे काम चालते तेव्हा रुग्ण भुलीखाली असतो.

इतिहासानेही तिला असेच ओझरते पाहिले. ब्रिटिश सर्जन जोसेफ लिस्टर यांनी १८६७ मध्ये कार्बोलिक आम्ल वापरून जखमा चिघळण्यापासून वाचवता येतात हे दाखवले. पुढे ही दाहक द्रावणे रोज हाताळण्याचे काम परिचारिकांकडेही आले. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात थिएटरच्या प्रमुख परिचारिका असलेल्या कॅरोलिन हॅम्प्टन यांच्या हातांची त्यापायी दशा झाली. सर्जन हॅल्स्टेड यांनी गुडइयर कंपनीकडून त्यांच्यासाठी पातळ रबरी हातमोजे करवून घेतले. १८९० मध्ये दोघांचे लग्न झाले आणि हा प्रसंग प्रेमकथा म्हणून अजरामर झाला. लग्नानंतर हॅम्प्टन यांची नोकरी सुटली, हे मात्र जाता जाता सांगतात. ते मोजे रुग्णालाही वाचवतात, हे उमगायला आणखी काही वर्षे गेली. हॅल्स्टेड यांचे सहकारी ब्लडगुड यांनी हर्नियाच्या शस्त्रक्रियांचा हिशेब मांडला, तेव्हा जंतुसंसर्ग सुमारे १७ टक्क्यांवरून २ टक्क्यांच्या खाली आलेला दिसला.

अमेरिकेतले सर्जन मेयो बंधू यांच्याकडे भूल देणाऱ्या अॅलिस मॅगॉ याही परिचारिकाच. १९०६ मध्ये त्यांनी १४ हजारांहून अधिक भुलींचा आढावा प्रसिद्ध केला. थेट भुलीमुळे एकही मृत्यू नव्हता.

पण आमच्या मते थिएटरमधल्या परिचारिकेचे सर्वांत मोठे काम मोजण्याचे आहे. आत काही राहून जाऊ नये म्हणून पोट शिवायला घेण्याआधी रक्त टिपायचे मॉप, गॉज, सुया, चिमटे सगळे मोजून आधीच्या आकड्याशी ताडायचे. एक मॉप कमी भरला की सिस्टर म्हणते, ‘‘सर, थांबा, एक कमी आहे.’’ सर वैतागतात. पुढची केस खोळंबलेली असते. बादलीतले रक्ताळलेले मॉप पुन्हा एकेक करून उलगडले जातात. नाहीच सापडला तर टेबलावरच एक्स-रे; मॉपमध्ये एक्स-रेत दिसणारा दोरा विणलेला असतो, तो याचसाठी.

जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये शस्त्रक्रिया सुरक्षेची तपासयादी आणली, तीत ही मोजणी मोठ्याने सांगायची असते. दिल्लीसह आठ शहरांतल्या रुग्णालयांत ती वापरून पाहिली, तेव्हा मृत्यूचे प्रमाण १.५ वरून ०.८ टक्क्यावर आले. सर्जनला थांबवण्याचा अधिकार सिस्टरला कागदावर मिळाला, तो असा. आपल्याकडे ‘सरां’पुढे तोंड उघडणे सोपे नसते, म्हणून त्या कागदाची किंमत अधिक. तरीही काही ठिकाणी तो शस्त्रक्रिया आटोपल्यावर एका दमात भरून टाकतात. एका सिस्टरला दोन टेबले सांभाळायला लावली, तर मोजायचे कोणी आणि थांबवायचे कोणी, हे हार आणणाऱ्या प्रशासनाने सांगावे.