यहुदी नसलेल्या गावातला यहुदीद्वेष

वाशीम जिल्ह्यात यहुद्यांची वस्ती नाही. मंगरूळपीर, कारंजा, रिसोड, मालेगाव, मानोरा, कुठेही त्यांचे प्रार्थनास्थळ नाही. आपल्यापैकी बहुतेकांनी जन्मात एकही यहुदी पाहिलेला नाही. तरीही 'यहुदी' हा शब्द आपल्या बोलण्यात सर्रास शिवी म्हणून येतो. पोलिओचा डोस आला की यहुदी साजिश, करोनाची लस आली की यहुदी साजिश, आपल्याच दोन जमातींत भांडण लागले तरी यहुदी साजिश! ज्याला कधी पाहिले नाही, त्याच्याबद्दल एवढी खात्री आपल्याला आली कुठून?

खरे सांगायचे तर हा माल आपला नव्हेच. तो युरोपातून आला. येशूचे मारेकरी म्हणून ख्रिस्ती युरोपने यहुद्यांना शतकानुशतके छळले. १३४८-४९ च्या प्लेगमध्ये त्यांनी विहिरींत विष कालवले अशी आवई उठली आणि स्ट्रासबर्गमध्ये शेकडो यहुदी जिवंत जाळले गेले. १४९२ मध्ये स्पेनने त्यांना हाकलले तेव्हा त्यांना आसरा दिला तो उस्मानी सुलतान दुसरा बायझीद याने. तोवर हा द्वेष धर्माचा होता. बाप्तिस्मा घेतला की निदान जीव वाचण्याची आशा होती. १८७९ च्या सुमारास विल्हेल्म मार या जर्मन पत्रकाराने 'अँटीसेमिटिझम' हा शब्द रूढ केला आणि द्वेष रक्तावर गेला. आता धर्म बदलूनही सुटका नव्हती. १९०३ मध्ये रशियात 'प्रोटोकॉल्स' नावाचा बनावट दस्तऐवज छापला गेला. यहुदी वडीलधारे जगावर राज्य करण्याचा कट रचत आहेत, असे त्यात दाखवले होते. लंडनच्या 'टाइम्स'ने १९२१ मध्येच ही चोरी उघडकीस आणली. तरी हिटलरने त्याचा प्रचारासाठी वापर केला आणि साठ लाख माणसे मारली. आज उर्दू पत्रकांतून आणि व्हॉट्सॲपवर फिरणारी 'साजिश' त्याच बनावट कागदाची नक्कल आहे. हिटलरचे उष्टे आपण दीनच्या नावाने का चघळायचे?

यावर आपल्याकडचा हजरजबाबी वक्ता म्हणतो, अरबही सेमिटिकच, मग आम्ही सेमिटिकविरोधी कसे? हा निव्वळ शब्दांचा खेळ. तो शब्द जन्मला तोच यहुद्यांचा द्वेष करणाऱ्यांसाठी. दुसरा म्हणतो, इस्लामी मुलखात यहुदी सुखात होते. युरोपच्या मानाने बरेचदा होते, हे खरे. पण पुण्यातले ससून रुग्णालय ज्यांच्या देणगीतून उभे राहिले, ते डेव्हिड ससून बगदादच्या दाऊद पाशाच्या जाचाला कंटाळूनच बाहेर पडले आणि १८३२ च्या सुमारास मुंबईत आले. त्याच बगदादमध्ये जून १९४१ मध्ये दोन दिवसांच्या दंगलीत शंभराहून अधिक यहुदी मारले गेले. हे लपवून इतिहास सांगता येत नाही.

आणि यहुदी पाहायचाच असेल तर तो आपल्या महाराष्ट्रातच पाहा. कोकणातले बेने इस्राएल शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून गाव त्यांना 'शनिवार तेली' म्हणे. पेणकर, रोहेकर, नवगावकर ही त्यांची आडनावे. 'बूट पॉलिश'मधला डेव्हिड हा त्यांच्यातलाच. त्यांची मायबोली मराठी, तुमची-माझीही तीच. इस्राएलला गेल्यावर तिथल्या धर्मपीठाने त्यांच्या यहुदी असण्यावरच शंका घेतली, तेव्हा १९६४ पर्यंत त्यांना आंदोलन करावे लागले. महाराष्ट्र शासनाने २०१६ मध्ये त्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला. म्हणजे सरकारी यादीत ते आणि आपण शेजारी आहोत.

शेजार एवढ्यावरच संपत नाही. गोळवलकरांनी १९३९ मध्ये नागपुरातून निघालेल्या पुस्तकात जर्मनीने यहुद्यांचे जे केले त्यातून हिंदुस्थानने धडा घ्यावा, असे लिहिले. पुढे संघाने त्या पुस्तकापासून अंग काढून घेतले. पण तो धडा कोणासाठी होता, हे विदर्भातल्या मुसलमानाला समजावून सांगायला हवे का? २०२० मध्ये 'करोना जिहाद'ची आवई उठली आणि भाजीवाल्याचे नाव विचारून भाजी घेतली जाऊ लागली. विहिरीतल्या विषाचीच ती गोष्ट, फक्त पात्र बदललेले. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने ऑगस्ट २०२० मध्ये विदेशी तबलिगींवरचे गुन्हे रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा बनवले गेले असावे, असे म्हटले. यहुद्याविरुद्धची अफवा जो आज पुढे ढकलतो, तो उद्या आपल्याविरुद्धच्या अफवेला कोणत्या तोंडाने खोटे म्हणणार?

आता नाण्याची दुसरी बाजू. हाच शब्द आज तोंड बंद करण्यासाठीही वापरला जातो. २०१६ मध्ये एका आंतरराष्ट्रीय संस्थेने अँटीसेमिटिझमची जी व्याख्या स्वीकारली, तिच्या अकरा उदाहरणांपैकी सात इस्राएलशी संबंधित आहेत. तिचा मसुदा तयार करणारे केनेथ स्टर्न स्वतः यहुदी. विद्यापीठांतली मते दडपण्यासाठी ती वापरण्याला त्यांनीच विरोध केला. गाझामध्ये साठ हजारांहून अधिक माणसे मारली गेल्याचे तिथले आरोग्य खाते सांगते. त्याविरुद्ध बोलणे हा यहुदीद्वेष नव्हे. न्यूयॉर्कमध्ये शेकडो यहुद्यांनीच रस्त्यावर उतरून अटक करवून घेतली. पण ७ ऑक्टोबर २०२३ ला मारल्या गेलेल्या सामान्य इस्राएली माणसांबद्दल आपली जीभ अडखळत असेल, तर गाझासाठीच्या आपल्या अश्रूंवर कोण विश्वास ठेवेल?

म्हणून जुम्म्याच्या तकरिरीत, चहाच्या टपरीवर, मोबाइलवर एवढा फरक आपण पाळलाच पाहिजे: इस्राएल सरकार म्हणायचे असेल तर इस्राएल सरकार म्हणा, 'यहुदी' म्हणू नका. यहुद्याचा जनाजा जाताना रसूलुल्लाह उभे राहिले, तोही एक जीवच होता म्हणून, हे आपण हदीसमध्ये वाचतो. २००८ मध्ये नरिमन हाउसमध्ये सहा यहुदी मारले गेले, तेव्हा मुंबईच्या मुसलमानांनी त्या हल्ल्यातल्या नऊ मृत हल्लेखोरांना कबरस्तानात जागा नाकारली. कोणीही सांगितले नव्हते, सक्ती नव्हती. तीच आपली खरी भूमिका आहे. वाशीममध्ये ती निभावायला एकही यहुदी शेजारी असण्याची गरज नाही.