आधी तात्यापारा, मग चिखल

मागच्या उन्हाळ्यात रायपूरला होतो. तात्यापाऱ्यात एका मराठी कुटुंबाकडे उतरलो होतो. घरासमोर जुनी जिप्सी, मागच्या अ‍ॅक्सलमध्ये ऑटोमॅटिक लॉकर नुकताच बसवलेला. सकाळी काका मला घेऊन शारदा चौकातून परत येत होते. जी. ई. रोडचा तो तुकडा अरुंद आणि सतत तुंबलेला. तात्यापारा चौकात त्यांनी गाडी वळवली आणि मागून आवाज सुरू झाला, टक्, टक्, टक्. वळणाच्या मधोमध पहिल्यावरून दुसरा गियर टाकला तेव्हा एक चांगलाच दणका बसला. काकांनी गाडी कडेला घेतली, खाली वाकून पाहिलं आणि मला विचारलं, “फिटिंग चुकलंय का हो?”

नंतर गाडी वर घेऊन तपासली. फिटिंग अगदी नेमकं होतं. पण हा आवाज येणारच, हे त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. बसवणाऱ्याने त्यांना महानदीच्या वाळूत नेऊन गाडी कशी सहज बाहेर येते ते दाखवलं होतं, आणि किल्ली हातात दिली होती.

गॅरेजवाल्या मित्रांनो, या महिन्यात एवढंच सांगायचं आहे. लॉकरची ट्रायल आधी गिऱ्हाइकाच्या घराजवळच्या चौकात घ्या. स्टिअरिंगवर गिऱ्हाईक, शेजारी आपण. वाळूत, चिखलात लॉकर काय करतो ते त्याने व्हिडिओत पाहिलेलं असतं, त्यासाठीच तो आलेला असतो. भाजी आणायला जाताना लॉकर काय करतो, हे त्याला आपल्याशिवाय कोण सांगणार?

त्यासाठी आधी आपलं सांगणं बरोबर हवं. ‘एक चाक फिरायला लागलं की लॉकर लॉक होतो’ असं आपण सरसकट सांगतो. २०१५ पासून महिंद्रा थारच्या काही मॉडेलांत मागच्या अ‍ॅक्सलला येणाऱ्या ईटनच्या मेकॅनिकल लॉकिंग डिफरन्शियलबद्दल ते खरं आहे. ते एरवी उघडं असतं. दोन चाकांच्या वेगात साधारण १०० आरपीएमचा फरक पडला की आतली वजनं बाहेर फेकली जातात आणि ते लॉक होतं. गाडीचा वेग वाढला की लॉक होणं बंद. म्हणून थारवाल्याला सांगावं लागतं, की चाक फिरायला लागल्यावर घाबरून पाय काढू नका, क्षणभर थ्रॉटल धरून ठेवा.

जिप्सीत किंवा जुन्या जीपमध्ये स्पायडर गियर काढून त्याच केजमध्ये जो लॉकर बसवतो, त्याचं नेमकं उलट आहे. तो मुळात लॉकच असतो. वळणावर बाहेरचं चाक क्राउनपेक्षा जोरात फिरू लागलं की त्या बाजूचे दाते सुटून एकमेकांवरून सरकतात. ती टक्-टक् त्याचीच. थ्रॉटल सोडला की जोर दुसऱ्या बाजूने येतो, आतली ढिलाई एकदम भरून निघते आणि दणका बसतो. हाताने गियर टाकायच्या गाडीत तो जास्त जाणवतो. काकांना एवढं सांगितल्यावर दुसऱ्या दिवशी त्यांनी गियर वळणाआधीच टाकला, हलका थ्रॉटल एकसारखा धरला आणि तोच चौक दणक्याशिवाय पार केला. त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

पावसाचं मात्र गंभीरपणे सांगा. ओल्या डांबरावर वळताना थ्रॉटल दाबला तर मागची दोन्ही चाकं एकदम सुटतात आणि गाडीची शेपूट बाहेर जाते. जिप्सीचा व्हीलबेस २३७५ मिलिमीटर, म्हणजे सावरायला वेळ फार थोडा. घरात नव्याने गाडी शिकणारं कुणी असेल तर त्यालाही ट्रायलला बोलवा.

टायरकडे आपलं सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं. मागे एका बाजूला झिजलेला टायर आणि दुसऱ्या बाजूला कोरी स्टेपनी लावली, की सरळ रस्त्यावरही लॉकर दाते सोडत राहतो आणि गाडी एका अंगाला ओढते. दोन्हीकडची हवा सारखी करा. मग टायरवर आणि जमिनीवर खडूची खूण करा, गाडी चाकाचा एक फेरा ढकला आणि टेपने अंतर मोजा. दोन्ही बाजूंना. पाच मिनिटांचं काम आहे.

फिटिंगचं तुम्हाला मी काय सांगणार? तरी जिप्सीचा डिफरन्शियल बाहेर काढल्यावर बेअरिंग कॅप आणि अ‍ॅडजस्टिंग नटांवर पंचाने खुणा केल्याशिवाय काही सोडू नका. कॅपची अदलाबदल नको. बॅकलॅश डायल गेजवर आधी मोजा, नंतरही मोजा, दोन्ही आकडे जॉबकार्डावर लिहा. लॉकरच्या दोन अर्ध्यांमधली फट निर्मात्याने दिलेल्या मापात बसत नसेल तर ‘चालून जाईल’ म्हणू नका, ती चालत नाही. गाडीत चढवल्यावर इंजिन बंद, गियर टाकलेला, दोन्ही चाकं वर. एकाने एक चाक पुढे फिरवून घट्ट धरावं. दुसरं चाक मागे फिरवलं तर टक्-टक् करत मोकळं फिरलं पाहिजे, पुढे फिरवलं तर अडलं पाहिजे. मग बाजू बदलून तेच.

रायपूरच्या भोवतालची जमीन या यंत्राची खरी परीक्षा घेते. भाठा जमिनीवर, म्हणजे मुरमाड माळावर, चाक उचललं गेलं तरी लॉकर गाडी पुढे नेतो. पण कन्हार ही आपल्या काळ्या मातीसारखीच. पावसात ती टायरची नक्षी भरून टाकते आणि दोन्ही चाकं बरोबरीने घसरतात. पकडच नसेल तर लॉकर ती कुठून आणणार? चिखलात रुतलेल्या गाडीत थ्रॉटल दाबत बसलं की अ‍ॅक्सल शाफ्ट तुटू शकतो, हे गिऱ्हाइकाला रोखठोक शब्दांत सांगा. ज्याला लॉक कधी लागेल ते स्वतःच्या हातात हवं आहे, त्याला फोर्स गुरखाकडे बोट दाखवायला लाजू नका. तिच्यात पुढचं आणि मागचं लॉक ड्रायव्हर स्वतः लावतो.

शेवटची गोष्ट जॅकची, आणि ती माझ्यावर बेतलेली आहे. साध्या डिफरन्शियलची गाडी एका बाजूने उचलून, इंजिन चालू ठेवून, गियर टाकून चाक फिरवून बघायची आपल्याला सवय असते. ब्रेक ड्रमचा आवाज ऐकायला मी स्वतःच्याच जीपवर तेच केलं, आत लॉकर आहे हे विसरून. खालच्या चाकाने जोर धरला आणि जीप जॅकवरून उडी मारून समोरच्या वर्कबेंचवर गेली. मदतीला असलेला पोरगा तेव्हा पाना आणायला आत गेला होता, म्हणून वाचला. त्या दिवसापासून लॉकर बसवलेल्या प्रत्येक गाडीच्या जॅकच्या पिशवीला मी पत्र्याची पट्टी बांधतो. तिच्यावर पंचाने ठोकलेली अक्षरं असतात: ‘आत लॉकर आहे. एक चाक वर असताना गियर टाकू नका.’ काकांच्या जिप्सीचीही पट्टी त्यांच्या अंगणात बसून ठोकली, आणि बांधली त्यांनी स्वतः.