राऊटर कपाटात, मोबाइल उशाखाली

घरात वायफाय घ्यायचे ठरले, की राऊटर कुठे बसवायचा यावर चर्चा होते आणि बहुतेक वेळा तो नजरेआड जातो. टीव्हीच्या मागे, माळ्यावर नाहीतर थेट लोखंडी कपाटात. बैठकीची शोभा जाऊ नये हे एक कारण. दुसरे कारण भीतीचे. त्यातून ‘रेडिएशन’ येते, तेव्हा मुलांपासून आणि म्हाताऱ्या माणसांपासून तो लांबच बरा, असा समज पक्का आहे.

हा समज तपासून घ्यायला हवा. वायफाय मुख्यतः २.४ आणि ५ गिगाहर्ट्झच्या रेडिओलहरींवर चालते. दिसणाऱ्या प्रकाशाची वारंवारता त्याहून सुमारे लाखपट आणि क्ष-किरणांची त्याहूनही कितीतरी अधिक. डीएनएला इजा करण्याएवढी ऊर्जा क्ष-किरणांत असते, वायफायच्या लहरींत नसते. या लहरी जोरदार असतील तर फार तर उष्णता निर्माण करतात. घरगुती राऊटर मात्र साधारण एक दशांश वॅट इतक्याच शक्तीने लहरी सोडतो आणि अंतर दुप्पट झाले की त्यांची तीव्रता चौथाईवर येते.

२०११ साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने रेडिओलहरी ‘२ बी’ गटात टाकल्या, याचा दाखला वारंवार दिला जातो. हा गट ‘कर्करोगाशी संबंध असू शकतो, पण पुरावा अपुरा’ अशा गोष्टींचा आहे. कोरफडीच्या संपूर्ण पानाचा अर्कही त्याच गटात आहे. आणि ‘रेडिएशन रोखणारे’ स्टिकर? ते खरोखर लहरी अडवत असतील तर वायफाय चालणार नाही. वायफाय चालत असेल, तर स्टिकरने काहीच अडवलेले नाही.

लपवलेल्या राऊटरचा तोटा मात्र खरा आहे. वायफाय तुटते, मोबाइल टॉवरच्या नेटवर्कवर जातो आणि तिथेही रेंज कमी असेल तर तो अधिक शक्तीने लहरी सोडू लागतो, तोही अगदी शरीराजवळून. शिवाय ‘ई-संजीवनी’सारख्या सेवेवरून घरबसल्या डॉक्टरांचा सल्ला घेणाऱ्या आजोबांचा चेहरा ऐन वेळी पडद्यावर गोठतो. पायाची सूज किंवा धाप पाहायची असताना चित्रच नसेल, तर तपासणी अर्धवट राहते.

म्हणून राऊटर घराच्या मध्यावर, उघड्यावर, छातीच्या उंचीला ठेवावा. धातू, काँक्रीटच्या भिंती, आरसे आणि पाण्याची टाकी लहरी अडवतात. मायक्रोवेव्ह ओव्हनही २.४ गिगाहर्ट्झच्या आसपासच चालतो, त्यामुळे त्याच्या शेजारी राऊटर नको. ५ गिगाहर्ट्झला वेग जास्त, पण भिंतीपलीकडे जोर कमी. लांबच्या खोलीसाठी २.४ बरे. बसवतानाच आलेला पासवर्ड लगेच बदलावा.

बिघाड झाला, तर रोगनिदानासारखे क्रमाने जावे. एकाच मोबाइलवर नेट नाही की सगळ्यांवर? एकाच मोबाइलवर नसेल, तर दोष त्या मोबाइलचा. राऊटरजवळ चालते आणि आतल्या खोलीत नाही? मग दोष जागेचा. फायबरच्या डब्यावर ‘एलओएस’चा लाल दिवा लागला असेल, तर बहुधा बाहेरची तार तुटली आहे, घरात कितीही खटपट केली तरी उपयोग नाही, तक्रार नोंदवावी. लाल दिवा नसेल, तर अर्धा मिनिट वीज बंद करून पुन्हा सुरू करावी. मागचे बारीक छिद्र टाचणीने दाबू नये. त्याने राऊटर नुसता पुन्हा सुरू होत नाही, सगळी मांडणीच पुसली जाते.

फायबरवर लँडलाइन असेल, तर डब्याची वीज गेली की फोनही मुका होतो. एकटे ज्येष्ठ राहत असतील, तर राऊटरसाठी मिळणारा छोटा यूपीएस स्टिकरपेक्षा कितीतरी उपयोगाचा.

घरातल्या इंटरनेटपासून तब्येतीला धोका आहेच, पण तो लहरींचा नाही, जागरणाचा आहे. रात्री एक वाजेपर्यंत रील पाहणाऱ्या मुलाची झोप मोडते. पुरेशी झोप न मिळाल्याचा परिणाम रक्तदाबापासून मधुमेहापर्यंत पोहोचतो, याचे पुरावे भक्कम आहेत. राऊटर कपाटात आणि मोबाइल उशाखाली, ही व्यवस्था उलटी करायला हवी. राऊटर दिवाणखान्यात उघडा असावा आणि रात्री सगळ्यांचे मोबाइल त्याच्या शेजारी चार्जिंगला असावेत.