समुद्राकाठी पनीर

भाऊबीज आटोपली की आमच्या भिंगारमधून, नगरमधून, थेट पाथर्डी-शेवगावकडून गाड्या कोकणच्या वाटेला लागतात. यंदाही लागतील. गाडीत काय काय असते ते मला पाठ आहे. चिवड्याचे डबे, शेंगदाण्याची चटणी, पाण्याच्या बाटल्या. आणि ज्या गाडीत नुसती पुरुषमंडळी, तिच्या मागच्या बाजूला आणखी काही बाटल्या. ही मंडळी चार दिवस समुद्र पाहतात, फोटो काढतात आणि परत आल्यावर ओट्यावर बसून सांगतात, ‘कोकण छान आहे हो, पण जेवणाचे फार हाल!’

या ‘पण’शी माझे भांडण आहे.

हाल कसले झाले, असे खोदून विचारावे तर उत्तर येते की मालवणात पनीर मसाला धड मिळाला नाही, तारकर्लीला रोटी कडक निघाली आणि कुठल्याशा खाणावळीत नुसताच भात पुढे केला. म्हणजे दोन घाट उतरून गेल्यावरही नगरच्या स्टँडासमोर मिळते तेच मिळाले नाही, हे यांचे दुःख! अहो, मग स्टँडासमोरच जेवायचे होते. समुद्राला कशाला त्रास दिलात?

कोणी म्हणेल, आम्ही माळकरी, मासळीला शिवत नाही. आम्ही पनीर मागू नये तर काय उपाशी राहावे? हा आक्षेप मी पुष्कळदा ऐकला आहे आणि तो खरा नाही. ओल्या काजूगरांची उसळ, फणसाची भाजी, काळ्या वाटाण्याचे सांबारे, नारळाच्या रसात बुडवलेली शिरवाळी, घावने, आंबोळी, सोलकढी, आणि गोव्यात गेलात तर दहा भाज्यांचे तिरफळ घातलेले खतखते. यांत मासळीचा वास तरी आहे का? कोकणातल्या घराघरांतून सणावारी आणि श्रावणात जे रांधले जाते ते सगळे तुमच्यासाठीच आहे. पण ते मागावे लागते, आणि मागण्यासाठी आधी त्याची नावे ठाऊक असावी लागतात.

कुळथाच्या पिठीची गोष्ट तर ऐकण्यासारखी आहे. ही पिठी पानात पडली की आमची माणसे नाक मुरडतात. ‘हे काळपट काय?’ म्हणून विचारतात. बाबांनो, कुळीथ म्हणजे तुमचा हुलगा! ज्याचे शेंगोळे थंडीत तुम्ही मिटक्या मारीत खाता, ज्याचे माडगे तुमच्या आजीने तापातून उठलेल्या माणसाला पाजले, तोच हा. घाटाखाली त्याचे नाव बदलले आणि भातावर पातळ होऊन आला, एवढ्यावरून तुम्ही त्याची ओळख विसरलात.

आता हे कोणाच्या आवडीनिवडीपुरते असते तर मी दिवाळी अंकाची पाने अडवली नसती. परंतु पाहुण्याच्या जिभेने गावाची चूल बदलते. सिंधुदुर्ग १९९७ साली पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला, १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण धावू लागली, आणि घराच्या पडवीत चार टेबले मांडून कितीतरी बायांनी खाणावळी घातल्या. त्यांचे भांडवल काय? पाटा-वरवंटा, वाडीतला नारळ, आगळाची बरणी आणि हाताची चव. त्या बाईने बांगड्याचे तिखले तिरफळे ठेचून करावे आणि आपण ते न चाखता ‘पनीर आहे का? चायनीज आहे का?’ म्हणून विचारावे. दहा गिऱ्हाइकांनी विचारले की अकराव्याच्या आधी दारावर पाटी लागते: पंजाबी, चायनीज, तंदूर. मग त्यासाठी बाहेरचा आचारी येतो, बाई गल्ल्यावर बसते आणि तिच्या सुनेला तिखले करण्याचे कारण उरत नाही. याला कोणी प्रगती म्हणेल. मी म्हणणार नाही.

‘गिऱ्हाईक पैसे मोजते, त्याला हवे ते द्यावे,’ असा व्यवहारी सिद्धान्त यावर ऐकवतात. त्यात तथ्य आहे. ज्या घराचे वर्षाचे पोट दिवाळीच्या आणि मे महिन्याच्या पाहुण्यांवर चालते, त्या घराने पाटी लावली तर मी तिला दोष देणार नाही. दोष आपला. पैसे आपण मोजतो, तेव्हा काय शिजावे हेही आपणच ठरवतो, आणि इतके ठरवूनही पुन्हा आपणच ओरडतो की कोकणात हल्ली पूर्वीची चव राहिली नाही!

मासळी खाणाऱ्यांनी येथे मिशीला पीळ देऊ नये. त्यांचीही भूक पाहून घेऊ. यांना मासे ठाऊक तीन: सुरमई, पापलेट आणि कोळंबी. तारली, पेडवे, मुडदुशी, सौंदाळे ही जणू समुद्रातली नव्हेतच. ताटात अख्खे मावेल असे पापलेट हवे, आणि ते बाराही महिने हवे. २०२३ साली महाराष्ट्राने सरंग्याला, म्हणजे रुपेरी पापलेटाला, राज्यमासा ठरवले. पण या मानामागे कौतुकापेक्षा काळजी अधिक होती, कारण वाढायच्या आतच त्याची पिल्ले जाळ्यात ओढली जात होती. त्याच वर्षी सरकारने ५४ जातींच्या माशांची किमान लांबी ठरवून दिली. त्यात पापलेट निदान साडेतेरा सेंटिमीटरचे हवे आणि सुरमई सदतीस सेंटिमीटरची. नियम कोळ्याला सांगितला, विक्रेत्याला सांगितला. ताटावर बसलेल्याला कोणी सांगितला? ‘लहान असले तरी चालेल, पण पापलेटच द्या’ हे वाक्य तर त्याचेच आहे.

तसेच पावसाळ्याचे. १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक नौकांना समुद्र बंद असतो, कारण तो मासळीच्या विणीचा काळ. नेमक्या त्याच दिवसांत धबधबे पाहायला गेलेली मंडळी ‘ताजी सुरमई नाही?’ म्हणून खाणावळवाल्यावर डोळे वटारतात. तो बिचारा बर्फातली काढून तळून देतो. त्या दिवसांत खरे खायचे ते सुके बांगडे, सुकट, सोडे आणि खाडीतली चिंबोरी. पण सुक्या मासळीचा यांना वास येतो!

पिण्याचा विषय कुटुंबात वाचायच्या अंकात काढू नये असे काहींना वाटेल. पण समुद्रावर सहकुटुंब जाणाऱ्यांच्याच पायात त्या बाटल्यांच्या काचा शिरतात, तेव्हा काढलाच पाहिजे. पिणाऱ्याला प्या म्हणण्यासाठी मी लेखणी उचललेली नाही. पण गोव्याला जाऊन हे पितात तरी काय? काजू पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणला, गोवेकराने त्याच्या बोंडूच्या रसापासून फेणी काढली. उन्हाळ्याचे दोन-तीन महिनेच मिळणारी पहिल्या धारेची हुर्राक तो ओळखीच्या घरून आणतो आणि जेवणाआधी बेताने घेतो. २००९ साली काजूच्या फेणीला भौगोलिक मानांकन मिळाले, २०१६ साली गोव्याने तिला वारसा म्हणून मान दिला. आमचा वीर मात्र तिच्या वासाला हसतो आणि कर कमी म्हणून स्वस्त पडणारी व्हिस्की पुळणीवर बसून रिचवतो. वर तेथेच तीन दगड मांडून कोंबडी शिजवतो. अखेर २०१९ साली गोव्याला कायदा करावा लागला की पर्यटनस्थळी उघड्यावर दारू प्याल, चूल मांडाल, बाटल्या फोडाल तर एकट्याला २,००० रुपये आणि टोळक्याला १०,००० रुपये दंड. पाहुण्याने चूल मांडू नये म्हणून यजमानाला कायदा करावा लागतो! आमच्या चांदबिबीच्या महालावर उद्या कोणी परगावचे टोळके येऊन पायरीवर मासे तळू लागले, तर भिंगारकर त्याला दंड करून सोडतील असे मला वाटत नाही.

ही खोड आपलीच आहे असेही नाही. स्पेनच्या किनाऱ्यावरचे बेनिदॉर्म हे एके काळी मासेमाऱ्यांचे गाव. उन्हाच्या ओढीने इंग्रज तेथे लोटले आणि त्यांच्यासाठी इंग्रजी गुत्ते आणि अंडी-बेकनची इंग्रजी न्याहारी उभी राहिली; इंग्रज आपले घर सोडून आपल्याच घरी जेवू लागला. बलेआरिक बेटांवर तर पाहुण्यांच्या पिण्याने लोक इतके विटले, की २०२० साली तेथील सरकारने मागालूफसारख्या ठिकाणी एका पेल्यावर दुसरा फुकट देणे आणि टोळीने गुत्त्यामागून गुत्ते पालथे घालण्याच्या सहली बंद केल्या. गोऱ्यांची ही कथा ऐकून आपल्याला हसू येते. येऊ द्या, पण त्यात आपलीही गाडी उभी आहे.

सर्वांत शेवटी मुलांची ढाल पुढे येते. ‘आम्ही खाऊ हो, पण मुले खात नाहीत.’ शाळामास्तर म्हणून सांगतो, मुले खातात. घावनाला पडलेली जाळी मुलाला दाखवली, शिरवाळी साच्यातून पडताना दाखवली, तर ते आणखी मागते. न खाणारा शेजारी बसलेला बाप असतो. त्याचे तोंड वाकडे झाले की मुलाचे होते.

काही मंडळी भाऊबीजेपर्यंतही थांबत नाहीत, ऐन दिवाळीतच निघतात. नरकचतुर्दशीला पहाटे सिंधुदुर्गात आणि गोव्यात तुळशीपाशी अंगठ्याखाली कारीट फोडतात आणि मग घरात पोहे होतात: दुधातले, ताकातले, गुळाचे, बटाट्याचे, तिखट फोडणीचे, एकाच सकाळी चार-पाच परींचे, नव्या भाताचे. ज्या घरी आपण पैसे देऊन उतरलो त्या घरातही होतात. यजमानीण ताटल्या मांडून वाट पाहत असते, आणि माडीवरून आमच्या पाहुण्याची हाक येते, ‘काकू, मुलांसाठी नूडल्स होतील का?’