मेघातली बिऱ्हाडे

आमच्या राजूरच्या माणसाला चुनखडी आणि दगडी कोळसा पारखता येतो. ‘क्लाउड’ म्हटले की मात्र त्याला रामटेकचा यक्षच आठवायचा! आजचा मेघ जमिनीवरच असतो. खोलीभर यंत्रे, आणि एकेकाच्या पोटात भाडेकरूंसारखी नांदणारी अनेक आभासी यंत्रे. या बिऱ्हाडांचे टपाल एकमेकांत न मिसळता पोचवायचे कोणी?

नासा आणि रॅकस्पेस यांनी २०१० साली ‘ओपनस्टॅक’ सर्वांना खुला केला. पुढे त्यात या कामाला तीन कारभारी मिळाले. ‘लिनक्स ब्रिज’ साधा. त्याचा बिघाड नवशिक्यालाही सापडावा. ‘ओपन व्हीस्विच’ हुशार, सांगाल ते नियम पाळणारा; पण त्याचा हिशेब उलगडताना डोके शिणते. २०१५ साली त्याच घराण्यातून जाहीर झालेला ‘ओव्हीएन’ कोणाचे बिऱ्हाड कोठे, याची एकच वही ठेवतो आणि वाटा ज्या त्या यंत्रावरच ठरवतो. जुन्या व्हीलॅन रीतीत ४०९४ आळ्या पडत. बोगद्यांच्या नव्या रीतीत १ कोटी ६७ लाखांवर पडतात, आणि ती रीत तिघांनाही येते. तेव्हा निवाडा आकड्यांवर होत नाही.

माझे मत साध्याला पडले असते. पण २०२२ साली ओपनस्टॅकवाल्यांनी लिनक्स ब्रिजची जोडणी ‘प्रायोगिक’ ठरवली, कारण तिची देखभाल करणारे हात उरले नव्हते. मी मराठीचा मास्तर. मला नवल वाटले नाही. व्याकरण शाबूत असूनही बोलणारे संपले की भाषा जाते. आमच्या जिल्ह्यातली कोलामी पोडांवर बोलली जाते म्हणून जगते. म्हणून तालुक्याच्या मुलांना सांगतो: समजून घ्यायला ब्रिज, चालवायला ओव्हीएन, आणि जमेल तेव्हा दुरुस्तीला स्वतःचा हात!