कृत्रिम श्वास आणि भाकिताचा हिशेब

हिवाळ्यात उपनगरांवर धुरके साचू लागले, की येथील रुग्णालयांत एक दृश्य नेमाने दिसते. वर्षानुवर्षे धापेने जर्जर झालेला सत्तरीचा एखादा गृहस्थ अतिदक्षता विभागात आणला जातो. रक्तातील कार्बन डायऑक्साइड वाढून त्याला ग्लानी आलेली असते. डॉक्टर त्याच्या मुलाला बाजूला घेऊन विचारतात : घशात नळी घालून व्हेंटिलेटर लावायचा का? मुलगा उलट विचारतो : वाचतील का? मुलुंडच्या माझ्या एका सहकाऱ्याला या प्रश्नाचे उत्तर 'दहा टक्के' असे मिळाले. तेवढ्यावर त्याने काही मिनिटांत निर्णय घ्यावयाचा होता. हा आकडा कोठून आला, हे विचारण्याचे भान अशा वेळी कोणाला असणार?

प्रस्तुत लेखकाचा विषय वैद्यक नव्हे, अर्थशास्त्र होय. परंतु संभाव्यता आणि टंचाई यांचा व्यवहार तोच असल्याने या आकड्याची चौकशी करण्याचा मोह झाला. अमेरिकेत १९८५ मध्ये नॉस व त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलेली 'अपाचे-२' ही गुणपद्धती जगभर वापरली जाते. रक्तदाब, श्वासगती, रक्तातील प्राणवायू अशी बारा मापे, वय आणि जुने आजार यांची बेरीज करून मृत्यूचा संभव काढावयाचा. रुग्णसमूहाविषयी असे गणित पुष्कळ सांगते. समोरच्या खाटेवरील एका माणसाविषयी मात्र फार थोडे.

मग अनुभवी डॉक्टरांचा अंदाज तरी अधिक भरवशाचा असेल? ब्रिटनमध्ये याची पडताळणी झाली. दीर्घकालीन फुप्फुसविकार किंवा दमा बळावून अतिदक्षता विभागात आलेल्या ८३२ रुग्णांचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. सहा महिन्यांनी ४९ टक्के रुग्ण जिवंत असतील, असे डॉक्टरांचे भाकीत होते. प्रत्यक्षात ६२ टक्के जगले. ज्या पंचमांश रुग्णांविषयी आशा सर्वांत कमी, म्हणजे दहा टक्के होती, त्यांच्यापैकी चाळीस टक्के जगले! आणि असे जगणे मरणाहून वाईट, असे समजणाऱ्यांनी पुढील पाहणीही लक्षात घ्यावी : वाचलेल्यांपैकी ९६ टक्क्यांनी पुन्हा तसेच उपचार घेण्याची तयारी दर्शविली.

हे सारे खाट मिळालेल्यांविषयी झाले. त्याच निराश अंदाजामुळे ज्यांना दारातूनच परत पाठविले जाते, त्यांचे काय? ते दगावतात आणि भाकीत खरे ठरते. बाजारात भाव पडणार अशी आवई उठली की विक्री वाढून भाव खरोखरच पडतो, त्यातलाच हा प्रकार. फरक इतकाच, की पडलेला भाव पुन्हा चढू शकतो. घाटकोपरचे राजावाडी काय किंवा जुहूचे कूपर काय, पालिकेच्या रुग्णालयांत अशा खाटांची मागणी मोठी आणि संख्या बेताची. खासगी रुग्णालयात बिल दिवसागणिक वाढते. अशा स्थितीत 'दहा टक्के' हे शब्द केवळ माहिती राहत नाहीत. ते निकालपत्र होतात. कारकुनाच्या घरात तर ते विशेषच लवकर होतात.

सर्वोच्च न्यायालयाने २०१८ च्या निर्णयातील कार्यपद्धती २०२३ मध्ये सुलभ केली. बरे होण्याची आशा नसलेल्या रुग्णाचा जीवनाधार काढण्याविषयीचे मत आता डॉक्टरांची दोन मंडळे देतात. ही सुधारणा स्वागतार्हच आहे. व्यर्थ यातना लांबविण्यात कसलेही पुण्य नाही. परंतु त्या मंडळांपुढे आकडे कोणते असणार? ब्रिटनचे? तेथील रुग्ण बहुधा सिगारेट ओढणारा. आपल्याकडे चुलीच्या धुराने फुप्फुसे गमावलेल्या, विडीला कधी न शिवलेल्या स्त्रियाही या आजारात सापडतात. केईएमच्या डॉ. एस. आर. कामत यांनी १९७० च्या दशकात लालबाग, चेंबूर, खार येथील रहिवाशांची पाहणी करून येथील हवा आणि श्वसनविकार यांचा संबंध तपासला होता. असे काम या शहराला अपरिचित नाही.

माझ्या सहकाऱ्याने नळी घालावयास संमती दिली. अकराव्या दिवशी ती निघाली आणि वडील त्यानंतर चौदा महिने जगले. शेवटपर्यंत सकाळचे वर्तमानपत्र पहिल्यांदा त्यांच्याच हाती लागे. एका उदाहरणाने सिद्धान्त होत नाही, हे वर्गात मीच शिकवितो. पण रुग्णालयाच्या दप्तरी ही हकीकत घरी सोडल्याच्या तारखेशी संपली आहे. त्या चौदा महिन्यांची नोंद कोठेही नाही. पालिकेने आपल्या रुग्णालयांतून व्हेंटिलेटर लावलेल्या आणि नाकारलेल्याही अशा प्रत्येक रुग्णाच्या घरी सहा महिन्यांनी एक दूरध्वनी करावा. त्यास एक कारकून आणि एक नोंदवही पुरेल.