मृगाचे वाहन आणि बांधीतले पाणी

दरवर्षी 7 किंवा 8 जूनला सूर्य मृग नक्षत्रात प्रवेश करतो आणि यंदा मृगाचे वाहन कोणते, याची चर्चा चंद्रपूर-गडचिरोलीच्या धानपट्ट्यात सुरू होते. बेडूक, म्हैस वा हत्ती असेल तर पाऊस भरपूर. कोल्हा वा मेंढा असेल तर ओढ. वर्तमानपत्रेही हे वाहन इमानेइतबारे छापतात. ही निरुपद्रवी करमणूक आहे, तिच्यावर शाई का खर्चावी, असे आमचे काही पुरोगामी मित्र विचारतात. मला तसे वाटत नाही.

प्रथम न्याय्य ते मान्य करू. चांद्र महिने ऋतूंच्या तुलनेत वर्षाला सुमारे 11 दिवस मागे पडतात आणि अधिक महिन्याने ती तूट भरावी लागते. सूर्यनक्षत्रे मात्र ऋतूंशी जवळजवळ बांधलेली असतात. म्हणून शेतकऱ्याने पेरणीसाठी तिथी न धरता मृग, आर्द्रा, पुनर्वसू धरली. हे अनुभवाचे शहाणपण होते.

पण ‘जवळजवळ’ हा शब्द महत्त्वाचा आहे. संपातचलनामुळे निरयन पंचांगातील सूर्यसंक्रमणे सुमारे 72 वर्षांत एक दिवस ऋतूंच्या मागे पडतात. सहाव्या शतकात, वराहमिहिराच्या काळी, मकरसंक्रमण आणि उत्तरायणाचा आरंभ जवळपास एकत्र येत. आज उत्तरायण 21-22 डिसेंबरला सुरू होते आणि आपण तिळगूळ वाटतो 14-15 जानेवारीला. अयनबिंदू पूर्वी वेगळ्या ठिकाणी होता, हे खुद्द वराहमिहिराने नोंदवले आहे. मेघनाद साहांच्या समितीने हीच चूक दाखवली आणि 22 मार्च 1957 पासून ऋतूंशी जुळणारे राष्ट्रीय पंचांग सरकारने स्वीकारले. समाजाने ते स्वीकारले नाही.

आता वाहनाकडे वळू. सूर्य नव्या नक्षत्रात शिरताना त्याच्या नक्षत्रापासून चंद्राच्या नक्षत्रापर्यंत मोजायचे आणि नऊने भागायचे. बाकी दोन उरली तर कोल्हा, तीन उरली तर बेडूक. म्हणजे एका अंकाच्या फरकाने ओढीचा सुकाळ व्हायचा! या हिशेबात वारा नाही, समुद्र नाही, ढग नाही, स्थळही नाही. वर्षाला सरासरी सुमारे दीड हजार मिलिमीटर पाऊस झेलणाऱ्या गडचिरोलीला आणि त्याच्या निम्म्याहूनही कमी पाऊस मिळणाऱ्या सोलापूरला एकच वाहन. जे शास्त्र वैनगंगा आणि सीना यांत भेद करू शकत नाही, त्याच्या भरवशावर पऱ्हे टाकायचे काय?

तरीही शेतकरी पंचांग उघडतो. त्याला अडाणी म्हणून मोकळे होणे सोपे आहे. अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मला दुसरा प्रश्न विचारावासा वाटतो : त्याच्या हाती दुसरे काय दिले आहे? पऱ्हे वाळले की बियाणे पुन्हा आणायचे, म्हणजे पुन्हा कर्ज. रोवणीला पाणी नसले की मजूर बायांची मजुरीही बुडते. या भागातील मामा तलाव गावाची बांधी भिजवीत. 1950च्या कायद्याने मालगुजारी गेली, ते योग्यच झाले. पण तलावांच्या देखभालीची जुनी व्यवस्था मोडल्यावर नवी तितकीच भक्कम व्यवस्था उभी राहिली नाही, आणि अनेक तलाव गाळाने भरत गेले. 22 एप्रिल 1988 रोजी गोसीखुर्दची पायाभरणी झाली. अंदाजित खर्च होता सुमारे 372 कोटी. पुढे खर्च कित्येक पटींनी वाढला आणि पूर्णत्वाच्या मुदती सूर्यापेक्षाही नियमितपणे पुढच्या राशीत गेल्या. ज्याच्या बांधीला कालवा नाही, तो आकाशातल्या बेडकाची वाट पाहणारच. अशा अनिश्चिततेत सर्वांत मोठा लाभ होतो तो पाणी न देणाऱ्या राज्यकर्त्यांचा, कारण दोष नक्षत्रावर जातो.

याच मातीत नागभीड तालुक्यातील नांदेडचे दादाजी खोब्रागडे झाले. औपचारिक शिक्षण अत्यल्प, जमीन तुटपुंजी. पण धानाच्या लोंब्या निरखून, वेगळ्या वाटल्या त्या निवडून आणि वर्षानुवर्षे पेरून पाहून त्यांनी एचएमटी वाण सिद्ध केले. वाणाला नाव मिळाले ते घड्याळाचे, ग्रहाचे नव्हे. शेतकऱ्याच्या घरचे विज्ञान ते हेच. 2018 साली ते वारले, तेही हलाखीत.

म्हणून केवळ पंचांगाची टिंगल करून भागणार नाही. तालुक्याला समजेल अशा भाषेत हवामानाचा अंदाज, तलावांचा गाळ काढण्याचा ग्रामसभेला अधिकार आणि निधी, आणि दुबार पेरणीला वेळेवर बियाणे, या मागण्या घेऊन आपण गावात गेलो पाहिजे. बांधीत पाणी आले की मृगाचे वाहन आपोआप करमणुकीच्या सदरात जाईल.